इंदूताईच्या वाट्याचा दहीभात

वीसेक वर्षं मी दहीभाताला तोंड लावलं नव्हतं. पंगतीत कोणी वाढायला आलं की पानावर आडवा हात धरायची. "सोसत नाही जी," एवढं म्हणायची आणि वाढणारीला पुढच्या पानाकडे पाठवायची. बायका आपापल्या परीनं अर्थ लावायच्या. कोणी म्हणतं दमा असेल, कोणी म्हणतं नवस असेल. लावू द्या. खरं कारण सांगायला बसले तर भरल्या पंगतीतल्या बायका घास हातात धरून बसतील.

दसरा मागे पडला की दिग्रसच्या रस्त्यांवर कापूस दिसायला लागतो. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेले पुंजके बाभळीच्या काट्यांवर, शाळेच्या कंपाउंडच्या तारांवर अडकून बसतात. मी शिकवते त्या वर्गातल्या पोरी केसांत कापूस घेऊन येतात आणि एकमेकींना 'म्हातारी, म्हातारी' म्हणून चिडवतात. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, काय सुंदर दिसतं हो तुमच्याकडे! दिसत असेल. माझा हात मात्र ते पांढरं दिसलं की मानेच्या उजव्या बाजूला जातो. मान जागेवर आहे ना, हे मी बघून घेते. हसू नका, खरंच बघते.

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सीतादही केल्याशिवाय सुरू होत नाही. शेताच्या धुऱ्याजवळचं, म्हणजे बांधालगतचं, एक चांगलं बोंडं फुटलेलं झाड बघायचं, त्याच्या बुडाशी दगड मांडून कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि थोडा भात झाडाभोवती शिंपडायचा. शेत असंच पांढरं फुटू दे, एवढंच मागणं. मग उरलेला दहीभात पळसाच्या द्रोणात घालून वेचणाऱ्या बायकांना वाटायचा. तो नाही म्हणायचा नसतो. ज्या बाईला दही चालत नाही तीसुद्धा बोटभर चाटते. हे 'नाही म्हणायचा नसतो' लक्षात ठेवा. आमच्या आईची सगळी हुशारी त्यावरच चालली होती.

आमचं घर काही शेतकऱ्याचं नव्हे. बाबा तहसिलीत कारकून, आजोबाही कुठल्यातरी कचेरीत कारकून. गावाबाहेर आठ एकराचा तुकडा होता, तो बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलेला. कापसाची आमच्या वाट्याची गाठोडी मागच्या खोलीत येऊन पडायची आणि भाव वाढायची वाट बघत तिथंच राहायची. त्या वर्षांत भाव वाढतच नव्हता. बोंडाला कीड, बाजारात मंदी, आणि रोज संध्याकाळी बाबा कचेरीतून कुठल्यातरी गावच्या शेतकऱ्यानं फवारणीचं औषध घेऊन जीव दिल्याची बातमी घेऊन यायचे. शहरातून कॅमेरेवाले यायचे, कागदवाले यायचे. आई म्हणायची, एवढे लोक तर आपल्या गावच्या यात्रेत बी येत नाहीत.

त्या मागच्या खोलीत, कापसाच्या ढिगाला पाठ लावून, माझी इंदूताई बसलेली असायची. कापसानं अंगाला खाज सुटते, बारीक किडे चढतात, आम्ही कोणी तिथं पाच मिनिटं टिकायचो नाही. ती तासन् तास बसायची. तिथं आवाज कमी येतात म्हणायची. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, यवतमाळला बी. कॉम. करत होती. शेवटच्या वर्षाला तिला जिनिंगच्या भोंग्यातून कोणीतरी नाव घेऊन बोलावताना ऐकू यायला लागलं. मग परीक्षेच्या पेपरावर तिनं उत्तरांऐवजी त्या बोलावणाऱ्यांना उत्तरं लिहिली. बाबा तिला घेऊन नागपूरला गेले. तिथल्या डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्यानं परत या म्हणाला. आम्ही परत गेलो नाही.

का गेलो नाही? त्याचं उत्तर आज देताना लाज वाटते. चिठ्ठी होती ना! आईनं ती चिठ्ठी फाटू नये म्हणून लॅमिनेशन करून घेतली होती. शाळेच्या प्रमाणपत्राला करतात तसं. दर महिन्याला ती चकचकीत चिठ्ठी मेडिकलवाल्याच्या काउंटरवर ठेवायची आणि त्याच गोळ्या आणायच्या. आठ वर्षं. डॉक्टरनं एका महिन्यासाठी लिहिलेल्या गोळ्या आम्ही आठ वर्षं आणल्या, आणि वर आपण किती जपून वागतो याचं आईला समाधान होतं.

एकदा दारात एक बाई आली होती, हातात छापील कागद. घरोघर जाऊन विचारत होती, घरात कोणाला मानसिक त्रास आहे का, कोणी गप्प गप्प असतं का. आई पदरानं हात पुसत उभी राहिली. "नाही जी, आमच्याकडे सगळे चांगले हायेत." बाईनं खूण केली आणि पाणी मागितलं. मी आतून पाणी घेऊन आले तेव्हा मागच्या खोलीचं दार मी पायानं लोटून घेतलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. ती बाई पाणी पिऊन शेजारच्या घरी गेली. तिला आमच्या घरी जे सापडलं असतं ते तिच्यापासून दहा पावलांवर बसून भाकर खात होतं.

भाकर मुद्दाम लिहिलं. ताई तेव्हा कोरडी भाकर खायची, नाहीतर उकडलेल्या शेंगा, नाहीतर सोलून केळ. वरण नाही, कढी नाही, चहासुद्धा नाही. आम्हाला वाटायचं, हेही तिच्या आजाराचंच. डोकं फिरलेलं माणूस, त्याच्या खाण्यापिण्याला काय धरबंध! आई वरणात गोळी कुटून घालायची हे मला माहीत होतं. ताईनं वरण सोडलं, मग आईनं कढीत घातली. ताईनं कढी सोडली. ज्या पदार्थात काही लपवता येत नाही तेवढेच पदार्थ ती खात होती, हे आमच्या घरातल्या तीन शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ती सांगत होती, हे आणखी वेगळं. "मले गोळी नको. मान ओढते. डोळे वर जाते." आई म्हणायची, "हाव हाव, जाते. जेव आता."

त्या वर्षीची सीतादही अशी आली. मी बावीस वर्षांची. पुसदच्या एका घरून मला बघायला येणार होते. दिवाळीनंतरचा बेत होता आणि तोवर ताईला मावशीकडे नेऊन ठेवायचं ठरलेलं. ताईनं दोन आठवडे एकही गोळी पोटात जाऊ दिली नव्हती. ती रात्रंदिवस भिंतीशी बोलायची, आईचा जीव टांगणीला लागला होता. त्या दिवशी सकाळी खलबत्त्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, वेलदोडे कुटते आहे. प्रसादात गोळी! देवाधर्माची एवढी धास्ती असलेली माझी आई असं काही करील, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. मी भांडखोर आहे, सगळ्या शाळेला माहीत आहे.

आईनं नैवेद्य दाखवला, शिंपडलं, बायकांना वाटलं. मग एका वेगळ्या डब्यातून एक द्रोण भरला आणि ताईला दिला. "तुह्यासाठी घट्ट दह्याचा आणला, इंदू." ताईनं द्रोण हातात धरला. बराच वेळ धरला. नंतर ती उठून माझ्याकडे आली. ऊन चांगलं चढलेलं, मी धुऱ्यावर पाय पसरून बसले होते. "घे, तू खा. तुले आवडते नं," ती म्हणाली आणि माझा द्रोण घेऊन गेली. महिन्याभरात ती माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली होती. मी खूश होऊन सगळा भात खाल्ला. थोडा कडसर लागला, मला वाटलं दही जुनं आहे.

दुपारच्या तीनच्या सुमाराला मला आधी जबडा जड वाटला. मग जीभ तोंडात मावेना. आणि मग माझी मान माझं न ऐकता उजवीकडे फिरायला लागली. कोणीतरी मागून केसांना धरून ओढतंय असं वाटावं, अशी. डोळे वर गेले ते वरच राहिले, मला नुसतं आभाळ दिसत होतं. मी हातानं मान सरळ करायचा प्रयत्न केला, ती परत गेली. बायका ओरडत होत्या. "अव माय! पोट्टीनं फवारणीचं घेतलं का काय!" त्या वर्षांत शेतात कोणी आडवं झालं की सगळ्यांच्या तोंडी तेच पहिलं यायचं. मला ओरडून सांगायचं होतं की मी काही घेतलं नाही. तोंडातून नुसती लाळ गळत होती.

रस्त्याला लागून सलीमभाईंचं गॅरेज होतं. आमचे जुने शेजारी, बाबांच्या लुनापासून सगळं तेच दुरुस्त करायचे. त्यांनी दुरुस्तीला आलेली एक जीप तशीच काढली. "भाभी, बैठो जल्दी. मी पाहतो सगळं." मला मागे टाकलं, माझं डोकं आईच्या मांडीवर. ताईला एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून तीही चढली. वाटेतला पहिला दवाखाना दिसला तिथं जीप थांबली.

"काय प्याली? डबा आणला का संगं?" तिथल्या सिस्टरनं विचारलं.

"काहीच नाही प्याली जी," आई म्हणाली.

"सगळे असंच म्हणते," असं म्हणून सिस्टर पोट धुवायची नळी आणायला वळली. मला ती नळी दिसत नव्हती, माझे डोळे छतावर.  तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, केसांचा अंबाडा, आवाज मोठा. त्यांनी माझी मान धरून बघितली, पापणी बघितली.

"थांबा. हे फवारणीचं नाही. घरात कोणाला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत का?"

"नाही जी," आई म्हणाली.

"नीट आठवा. पोरीची मान बघा, जबडा बघा. अशा गोळीनंच होतं हे."

"आमच्या घरी कोणी नाही जी तसं."

माझी मान पिळून निघत होती, आणि माझी आई, जिनं मला तापात दहा दहा दिवस मांडीवर घेतलं, ती डॉक्टरला खोटं सांगत होती. पुसदच्या पाहुण्यांना कळेल म्हणून.  तिला माझी काळजी नव्हती असं नाही. ती काळजीच करत होती, हेच तर भयंकर.

"ते माह्या गोळीनं झालं." दारातून आवाज आला. ताई उभी होती, तिच्या हातात माझ्या चपला. शेतात माझ्या पायातून निघालेल्या चपला ती तेवढ्या गोंधळात उचलून घेऊन आली होती. "आईनं दह्याभातात टाकली. पमीनं खाल्ला. माही बी मान अशीच होत होती. मी सांगतलं होतं."

"तू गप्प बस, इंदू!"

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. "तिला बोलू द्या."

आठ वर्षांत आमच्या ताईबद्दल असं कोणी म्हणालं नव्हतं.

त्यांनी दंडात एक इंजेक्शन दिलं. किती वेळ गेला ते मला नक्की सांगता येणार नाही, पण डोळे खाली आले तेव्हा समोर भिंतीवरचं घड्याळ दिसलं आणि सलीमभाई बाहेर बाकावर बसलेले दिसले, त्यांचा चहा अजून संपला नव्हता. मान हळूहळू सैल झाली. जीभ परत माझी झाली. तेवढंच. एक सुई आणि चहाचा एक कप.

आणि मग मला आठवलं, आणि मला इतका हुंदका आला की सिस्टर परत धावत आली. गोळ्या सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षी ताईची मान अशीच फिरली होती. डोळे असेच वर. आम्हाला वाटलं, बाहेरचं झालं. पलीकडच्या गावातल्या एका बघणाऱ्या भगताकडे तिला नेलं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. आईनं डोकं धरलं होतं, बाबांनी हात. पाय मी धरले होते. मी चौदा वर्षांची होते, आणि माझ्यात खूप जोर होता. ती खोकत खोकत ओरडत होती, "गोळीनं झालं, गोळीनं झालं," आणि तो माणूस म्हणत होता, बघा, आतलं बोलतंय. आम्ही मान हलवली होती. तिच्या घोट्यांवर माझ्या बोटांचे वळ दोन दिवस दिसत होते.

गावात संध्याकाळपर्यंत झालं ते वेगळंच. पमीनं फवारणीचं घेतलं, पुसदचा मुलगा तिला पसंत नव्हता, कोणीतरी दुसरा होता. लोक घरी समजूत घालायला यायला लागले. आणि आईनं ती गोष्ट खोडली नाही! मी ओरडले, भांडले, ताट फेकलं. ती म्हणाली, "असं त कोणाच्या बी घरी होऊन राह्यलं, पमे. ते लोक इसरतील. थे दुसरं नाही इसरत." पोरीनं जीव द्यायला विष घेतलं हे चालत होतं, घरात एक आजारी पोर आहे हे चालत नव्हतं. अशी ती वर्षं होती. पुसदचं स्थळ गेलं, जायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ती लॅमिनेशन केलेली चिठ्ठी मागवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, तारीख वाचली, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावतील वाटलं होतं. त्यांनी फोनची डायरी पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "मीच आता यवतमाळच्या मानसोपचारवाल्यांशी बोलते. आधी गोळी बदलायची. मान ओढणार नाही अशा गोळ्या आहेत, ओढलीच तर त्यावर दुसरी गोळी आहे. हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही का?" आई म्हणाली, "आम्ही इचारलंच नाही जी."

त्यातून त्यांच्या डोक्यात ते बाजाराच्या दिवसाचं आलं. आजारी माणसाच्या घरच्यांनी एकत्र बसायचं, पण गावात कोणाच्या नजरेत यायला नको. तर आठवडी बाजाराच्या दिवशी, चार वाजता, दवाखान्याच्या मागच्या खोलीत. हातात भाजीची पिशवी असली की कोणी विचारत नाही कुठं चालली. पहिल्या दिवशी खोलीत सात माणसं आणि सात पिशव्या, सगळ्या पायांशी ठेवलेल्या, मेथी बाहेर डोकावणाऱ्या. एकमेकांकडे बघायची कोणाची छाती नव्हती. मी मागे वळून बघितलं तर कोपऱ्यात सलीमभाई. त्यांच्याही पायाशी वांग्यांची पिशवी. नेरला त्यांचा थोरला भाऊ होता, घरच्या वर्कशॉपच्या मागे, पायात साखळी. "घर के लोगों ने ही बांधा," ते म्हणाले. "मैंने भी." मला जीपमधून नेताना त्यांनी माझी मान बघितली होती, आणि भावाची आठवून ओळखली होती. एक शब्द बोलले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी काही मोठं शिकवलं असं नाही. गोळीचं पाकीट आणा म्हणायच्या, ही कशासाठी आहे ते सांगा म्हणायच्या. आम्हाला कोणालाच सांगता यायचं नाही. मग त्या सांगायच्या, परत विचारायच्या, शाळेत विचारतात तसं. ज्याला आवाज ऐकू येतात त्याच्याशी हुज्जत घालू नका म्हणायच्या, ऐकू येतंय तर त्याला त्रास होतोय एवढं तरी म्हणा. आणि पहिला गृहपाठ असा होता: घरी जाऊन आपल्या माणसाला विचारायचं, गोळी घेतल्यावर तुला काय होतं? आणि आपला चहा संपेपर्यंत मधे बोलायचं नाही.

आईनं विचारलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ताई बोलायला लागली ती बोलतच राहिली. आई तीन कप चहा प्याली. पुढच्या बाजाराला आई सगळ्यांसमोर उभी राहिली, पिशवी हातातच, आणि म्हणाली, "मी माह्या पोरीले मिरचीची धुरी देली. मान गोळीनं फिरली होती. थे सांगत होती." आणि खाली बसली. तिच्या पिशवीतला एक टमाटर घरंगळत गेला, तो कोणीच उचलला नाही. आई पुढे बारा वर्षं त्या खोलीत येत राहिली. वारली त्या आठवड्यातसुद्धा आली होती.

ताई आता माझ्याकडे असते. माझं लग्न झालं, नेरचा माणूस, सगळं आधी सांगून. ताईच्या गोळ्या वारांच्या डबीत असतात, डबी तिच्याच कपाटात असते. आवाज कधीमधी येतात, मग ती रेडिओ मोठा लावते आणि आम्ही समजून घेतो. खोलीत मी दर बाजाराला जाते. नवीन कोणी आलं की डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतात आणि मी दहीभाताची गोष्ट सांगते. लपवून गोळी देऊ नका, हे त्यातून चांगलं कळतं. गोष्टीत एक जागा मला फार आवडायची. महिनाभर न बोललेल्या बहिणीनं आपल्या वाट्याचा गोड घास मला दिला, इतक्या आजारातही तिच्यातली माया गेली नव्हती, असं मी सांगायची. तिथं बायकांच्या डोळ्यांत हमखास पाणी यायचं. माझ्याही.

मागच्या बाजाराला ताई माझ्याबरोबर आली. तिला शिंगाडे घ्यायचे होते. चार वाजले तेव्हा म्हणाली, "बसते मी बी." इतक्या वर्षांत ती त्या खोलीत आली नव्हती. आम्ही कोणी ये म्हटलंच नव्हतं, ती खोली घरच्यांसाठी होती ना! फुलसावंगीची एक नवी बाई आली होती, तिच्या मुलाला गोळ्या लाडवातून देत होती. मी माझी गोष्ट सुरू केली. मायेच्या घासापर्यंत आले.

"खोटं," ताई म्हणाली.

मला वाटलं तिला तारीख-बिरीख चुकीची वाटते. "काय खोटं?"

"मायेनं नव्हता देला. वासानंच समजलं होतं मले, त्याच्यात गोळी हाय म्हणून. म्हणूनच देला तुले." ती शिंगाडा सोलत होती, नजर शिंगाड्यावर. "सांगून सांगून तोंड दुखलं होतं माहं. कोणी आइकतच नव्हतं. म्हटलं, हिची मान ओढू दे एक डाव. मंग समजंल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण आईनं तीन कुटल्या असतील हे मले काय माहीत व? मी एकच समजली होती. तुहे डोळे वर गेले तं मी लय भेली."

 सलीमभाईंनी चहाचा कप ओठाशी नेलेला तसाच धरून ठेवलेला. मला असा राग आला की कानशिलं तापली. वीस वर्षं! वीस वर्षं मी त्या घासावर रडत आले!

"मग मला सांगायचं नाही का इतक्या वर्षांत?"

"तू इचारलं कधी?"

दर बाजाराला मी लोकांना सांगते, विचारा. चहा संपेपर्यंत मधे बोलू नका. आईनं विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं. तिनं मला घास का दिला हे मीच ठरवून टाकलं होतं, छान शिवून, काठ घालून, लोकांना दाखवायलाही सुरुवात केली होती. ती मागच्या खोलीत होती तेव्हा मी दार लोटलं होतं आणि नंतर तिची गोष्टही मीच सांगत बसले.

फुलसावंगीच्या बाईनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती सरळ ताईकडे वळली. "मंग माह्या पोराच्या लाडवाचं काय करू व बाई?"

"एक तुम्हीच खाऊन पाहा," ताई म्हणाली. "मंग त्याले इचारा."

"अहो नाही, नाही! कोणी काही खायचं नाही!" डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत सगळे हसले. मी सोडून.

दोन दिवस मी ताईशी धड बोलले नाही. भाजी चिरताना सुरी आपटली, नवऱ्यावर उगाच ओरडले. परवा सीतादही होती. तो तुकडा आमच्याकडे अजून आहे, अजून बटईनंच आहे. दहीभात ताईनं केला. नैवेद्य दाखवला, झाडाभोवती शिंपडला, बायकांना द्रोण दिले. पाण्याची बाटली काढून तिनं डबीतली सकाळची गोळी सगळ्यांसमोर घेतली, वेचणाऱ्या बायकांना त्याचं काही वाटलं नाही. मग एक द्रोण भरून ती धुऱ्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि द्रोण पुढे केला.

"खा. नुसता भात हाय."

"कशावरून?" मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा कडक आला.

ताईनं द्रोण मागे घेतला नाही. केस पांढरे झालेत तिचे, गोळ्यांनी हात किंचित थरथरतो, दही काठावर हलत होतं.

"माह्यावर इस्वास ठेव नं एक डाव," ती म्हणाली.

मी द्रोण घेतला. पहिला घास तोंडात घातला तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती माझ्या मानेकडे बघत होती. मी दुसरा घास घेतला.